फाटकाबाहेरची गाडी

लोवेल हॅस्किन्सच्या पत्राला ऑरिन टिबेटनं उत्तर दिलं नव्हतं. पत्र हिवाळ्यात आलं होतं. आता जॅकरंडाची निळी फुलं रस्त्यावर सांडू लागली होती.

पत्र छोटंसंच होतं. "व्हर्ना सारखं तुमचं नाव घेते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तुम्ही आल्याशिवाय जेवणार नाही म्हणते. कृपा करून एकदा या."

वाचून ऑरिनला आधी धक्का बसला, मग बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली, पण जरा उशिरानं.

ऑरिनचा चेहरा साऱ्या अमेरिकेला माहीत होता, नाव कुणालाच नाही. चित्रपटांत त्यानं दारू विकणारे केले, न्यायाधीश केले, स्टेशनमास्तर, घरमालक, भित्रे नवरे केले. लोक रस्त्यात थांबवून विचारत, "तुम्ही आमच्या बँकेत होता का हो?" व्हर्नाही त्याच्याच स्टुडिओत होती. पंचवीस वर्षं तिनं त्याच्या टायची गाठ सारखी केली, त्याच्या कपात कॉफी ओतली, चारचौघांत त्याला झापलं. कॉफी बहुधा गार असायची. त्यानं कधी तक्रार केली नाही.

आणि रोज संध्याकाळी सहा वाजता स्टुडिओच्या फाटकाबाहेर हॅस्किन्सची गाडी येई. तो खाली उतरत नसे. दोनदा हॉर्न वाजवी. मग व्हर्ना बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवी आणि निघून जाई. ऑरिनच्या देखत, सगळ्यांच्या देखत. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नसे. हेच त्याला जास्त झोंबे.

एकदा तो हॅस्किन्सला बघायला म्हणून ग्लेंडेलला गेला. तिथं त्याचं फ्रिजचं दुकान होतं. या माणसात असं आहे तरी काय, ते एकदा जवळून पाहायचं होतं.

"या, या!" हॅस्किन्सनं हात पुढे केला. "व्हर्ना किती बोलते तुमच्याबद्दल! म्हणते, ऑरिनइतका समजूतदार पुरुष शोधून सापडायचा नाही."

ऑरिन एक फ्रिज विकत घेऊन परत आला.

तो फ्रिज अजून त्याच्या भाड्याच्या खोलीत घरघरत होता. त्याच्या वर, भिंतीवर, लग्नाचा फोटो होता. ऑरिन काळ्या कोटात, व्हर्ना पांढऱ्या झग्यात. फोटोच्या कोपऱ्यात कुणाची तरी शिडी आली होती. घरमालकीण मिसेस प्रुइट चादरी बदलायला आली की त्या फोटोपुढे हटकून थांबायची.

"अशी बायको तुम्ही जाऊ कशी दिलीत हो, मिस्टर टिबेट?"

"तिला न्यायला गाडी यायची."

"मग अडवायचं नाही का?"

"माझ्या हातात नव्हतं ते."

"तुम्हा पुरुषांचं हे असंच. गाडी निघून गेली की बसायचं खिडकीत," असं म्हणत ती उशीवर एक जोरदार थाप मारायची.

त्या रविवारी अ‍ॅक्सल आला. पूर्वी स्टुडिओत तो ऑरिनचा आणि व्हर्नाचा चेहरा रंगवायचा. आता हात इतके थरथरत की स्वतःची दाढीही तो न्हाव्याकडून करून घेई.

"टाकलंस उत्तर?"

"नाही."

"अरे लेका, मी जाऊन आलो तिकडे. आठवण गेलीय तिची. मला म्हणाली, नळ दुरुस्त करायला आलात का? हॅस्किन्सला तर ओळखतच नाही. हा गृहस्थ माझ्या घरात काय करतोय, असं मलाच विचारत होती."

ऑरिन हसला. "बरोबरच विचारलं तिनं."

"दात काढू नकोस. रोज तुझं ताट वाढून झाकून ठेवते. ती झोपली की तो बिचारा तेच गार जेवण स्वयंपाकघरात उभ्यानं खातो."

"खाऊ दे की. मला पंचवीस वर्षं गारच मिळालं."

"किती जळशील रे! तिची हाडं दिसायला लागलीत. त्याच्या हातचा घास घेत नाही. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर हा उन्हाळासुद्धा काढायची नाही."

ऑरिननं उठून फ्रिजचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं.

"मला बोलावताना," शेवटी त्यानं विचारलं, "त्याला काय वाटलं असेल?"

अ‍ॅक्सलनं टोपी डोक्यावर ठेवली. "तुला रोज सहा वाजता वाटायचं, तेच."

तो गेल्यावर ऑरिन कागद घेऊन बसला. पहिल्या कागदावर टोमणा उतरला, दुसऱ्यावर उपदेश. दोन्ही त्यानं फाडले. तिसरा मात्र पुन्हा न वाचता पाकिटात घातला, तिकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेला. हात पेटीच्या तोंडाशी थोडा रेंगाळला. मग पाकीट आत पडलं.

त्यात लिहिलं होतं:

"प्रिय हॅस्किन्स, गुरुवारी दुपारी जेवायला येतो. ती जेवेपर्यंत उठणार नाही. तुम्हीही आमच्याबरोबर टेबलावर बसा, मी तिला सांगेन की तुम्ही माझे मित्र आहात. फक्त एका गोष्टीसाठी मला तुमची मदत हवी आहे. मी तिचा नवरा झालो तो चित्रपटांतच, आणि तिथं तिला हाक मारायचं नाव लेखक लिहून देत. तेव्हा उलट टपाली एवढं कळवा: लग्न झाल्यापासून घरात तुम्ही तुमच्या बायकोला काय म्हणून हाक मारता?"