सोंगटीखालची जमीन

"उस्ताद आहेत का?" आजोबांनी दारातूनच विचारलं.

"आत्ता नाहीत," टेबलाशी बसलेली बाई म्हणाली. "बसा ना, काका."

बसायचं सोडून आजोबा फळीपुढे जाऊन उभे राहिले. फळीवर बैठका मांडल्या होत्या. पटावर लढाया खेळणारे लोक आपले बोटभर उंचीचे सैनिक ज्यांच्यावर उभे करतात, त्या बाटलीच्या झाकणाएवढ्या चकत्या. पण म्हणायला चकत्या. एकीवर ओढा होता, तळातले गोटे मोजता येतील इतका नितळ. दुसरीवर पडकी पायरी आणि तिच्या फटीतून डोकं काढलेलं गवत. तिसरीवर नुसता चिखल आणि त्यात कुणाच्या तरी बुटाचा ठसा. आजोबांनी आ वासला तो मिटायचं विसरलेच. एवढं आयुष्य काढलं आणि असलं काही बघितलंच नाही, असं वाटून त्यांना भरून आलं.

त्यांनी ओढ्याची बैठक हलकेच उलटी केली. बुडाला अंगठ्याचा ठसा होता, त्याच्या मधोमध तिरकी रेघ.

"ज्यानं बनवली त्याचा अंगठा," बाई म्हणाली. "इथली पद्धत आहे."

"सुरी लागली असणार कधीतरी उस्तादांना," आजोबा हळहळले. मग धीर करून म्हणाले, "मला हे शिकायचंय. या वयात ठेवून घेतील का? खरं सांगा. एवढी एकच इच्छा आहे बघा."

"ते काम बघून ठरवतात. ही एक अर्धी राहिलीय. करता?"

आजोबा लगबगीनं पुढे झाले. चपला काढायला वाकले, तर पायात सपाता. घाईत घरातल्या सपाता घालूनच निघालो की काय, म्हणून ते ओशाळले. बाईनं तिकडे बघितलंच नाही. तिनं एक चष्मा पुढे केला. "उस्तादांचा आहे. चालतोय का बघा."

चष्मा झकास चालला. स्टूलही अगदी त्यांच्या मापाचं निघालं. बैठकीवर बुचाच्या सालीचा खडक चिकटवून तयार होता, रंग तेवढा राहिला होता. आजोबांनी डावीकडच्या खणातून जाडसर ब्रश काढला, पांढऱ्या रंगात बुडवला, फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा केला आणि खडकावरून अलगद फिरवला. नुसत्या कडा उजळल्या. बघता बघता सालीचा कडा झाला. मग वाळवलेला चहाचा चोथा त्यांनी चिमटीनं पायथ्याशी भुरभुरला. जंगलात पानगळ झाली.

आजोबा स्वतःच्याच हातांकडे बघत राहिले. "हे मला कसं सुचलं हो?"

"असतं काहींच्या हातात," बाई म्हणाली. तिनं बैठकीच्या बुडाला ओल्या मातीचा थर दिला. "दाबा अंगठा."

आजोबांनी जपून अंगठा दाबला आणि पुन्हा फळीकडे वळले. तो ओढा काही त्यांना सोडत नव्हता.

"मग, ठेवतील ना मला?"

बाईनं बैठक उलटी धरली. ओल्या ठशाच्या मधोमध तिरकी रेघ उमटली होती.

"ठेवतील की," ती म्हणाली. "रोजच ठेवतात, बाबा. चला, हात धुवा, पानं वाढते."