पहिली लाइन

"वहिनी, आजच्यासारखी संधी पुन्हा यायची नाही," दीर हळूच म्हणाला आणि पॅनेलवरची धूळ पुसल्यासारखं करू लागला.

ताईने मान वर केली नाही. प्लांटमध्ये सगळे तिला ताई म्हणत, वहिनी म्हणणारा हा एकटाच.

"भाऊजी, काम करा."

"कामच करतोय की!"

हॉस्पिटलच्या अख्ख्या आवाराला वीज, वाफ आणि गार पाणी पुरवणारा हा प्लांट म्हणजे महाकंजूस. इंजिनावर वीज करायची, इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करायची आणि उरल्यासुरल्या धगीवर पाणी गार करायचं. काही म्हणून वाया जाऊ द्यायचं नाही. वर्षातून एकदा बाहेरची वीज मुद्दाम तोडायची आणि हा स्वतःच्या पायावर उभा राहतो का ते बघायचं, अशी इथली पद्धत. तो दिवस आजचा होता.

इंजिनावर भार जास्त झाला, तर आधी तिसरी लाइन आपोआप सुटे, तिची वीज जाई. तिच्यावर धुलाईघर आणि स्वयंपाकघर. मग दुसरी, म्हणजे कचेऱ्या आणि स्पेशल खोल्या. पहिली लाइन ऑपरेशन थिएटरची आणि अतिदक्षता विभागाची. ती काही झालं तरी सुटत नसे.

आणि मोठे साहेब स्पेशल खोलीत होते. घशात नळी, श्वास मशीनचा.

"मशीनची बॅटरी थकलीय. नर्स कधीची ओरडतेय, कुणी लक्ष देत नाही," दीर म्हणाला. "दुसरी लाइन सुटली की खेळ खलास. वर विचारलं तर इंजिन दमलं म्हणायचं. इंजिनाला काय फाशी देणारेत?"

"ऐकलं मी."

"दादाची आठवण तरी येते का तुम्हाला?"

हे मात्र तिला लागलं. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने बाजूला झाला.

आठवण! तेव्हा मोठे साहेब प्लांटचे प्रमुख होते. नवा प्लांट उद्घाटनाला तयार होत होता आणि तोवर जुना बॉयलर कसाबसा ढकलायचा होता. दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायचा आणि वाफ निघून जायची. साहेबांनी तो तारेने बांधायला लावला. मग एक दिवस पाइप फुटला आणि बॉयलरवर काम करणारा ताईचा नवरा भाजला. चौकशीत साहेब खुशाल म्हणाले, तार त्यानेच बांधली होती. कुत्रं तरी खाल्ल्या अन्नाला जागतं.

नवरा लगेच गेला नाही. साहेबांनी त्याला चांगली खोली दिली, मशीन लावलं, रोज संध्याकाळी फेरी मारली. त्याला बोलता येत नव्हतं. सोडवा मला, असं तो डोळ्यांनी विनवायचा. "बरा होतोय, धीर सोडू नका," असं साहेब ताईला सांगायचे आणि ती खुळी विश्वास ठेवायची. मग त्याच्यावर वाकून म्हणायचे, "काळजी करू नकोस. इथली वीज कधी जात नाही."

उद्घाटनाआधी मरण नको होतं त्यांना. फीत कापली, टाळ्या झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी मशीन निघालं. लोक म्हणाले, साहेबांनी किती केलं हो! ताईची नोकरी तेव्हापासूनची. आता शिफ्ट तिच्या हाताखाली होती.

जेवणाच्या सुट्टीनंतर बाहेरची वीज तोडली. इंजिनाचा आवाज जड झाला, पण पॅनेलवरचा काटा स्थिर राहिला. दीर सहज फिरल्यासारखा पलीकडे गेला आणि त्याने पाणी गार करणारं विजेवरचं मोठं चिलर गरज नसताना चालू केलं. ताईने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

काटा पडू लागला. तिसरी लाइन सुटली. धुलाईघरातून फोन खणखणला, तो कुणी उचलला नाही. मग खटकन दुसरी सुटली आणि समोरच्या इमारतीतल्या कचेऱ्या अंधारल्या.

"सुटली!" दिराच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेला म्हातारा! दादा, फेडलं बघ तुझं!"

"चिलर बंद करा, भाऊजी," ताई शांतपणे म्हणाली. "त्या खोल्या मी मागेच पहिल्या लाइनवर घेतल्यात. बॅटरीही आज सकाळी नवी बसवून घेतली."

त्याला आधी कळेचना. मग कळलं.

"तुम्ही? ज्याने तुमचं कुंकू पुसलं, त्याच्यासाठी?"

तो हातातलं फडकं तिच्या पायाशी फेकून निघून गेला. "सापाला दूध पाजा!" हे शब्द जिन्यावरून ऐकू आले.

बाहेरची वीज परत जोडून झाल्यावर ताई रोजच्यासारखी स्पेशल खोलीकडे गेली. नर्सने हसून दार उघडलं. "तुमच्यासारखं मन सगळ्यांना मिळो हो. सख्खं कुणी फिरकत नाही, पण तुम्ही एक दिवस चुकवत नाही."

साहेब जागे होते. नळी ओढतात म्हणून हात पट्टीने खाटेला बांधलेले. डोळे मशीनकडे, मग ताईकडे, पुन्हा मशीनकडे. कडांतून पाणी ओघळून उशी ओली झाली होती. नर्स औषध आणायला बाहेर गेली.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. साहेबांचा परदेशातला मुलगा होता.

"ताई, डॉक्टर म्हणतात, आता मशीन काढावं, त्यांचे हाल होतायत. माझ्या होकारासाठी थांबलेत. मला तर काही सुचत नाही. तुम्ही रोज बघता त्यांना. तुम्ही सांगाल तसं करतो."

"अहो, असं काय करता!" ताईचा आवाज मायेने भरून आला. "बरे होतायत ते. धीर सोडू नका."

तिने फोन ठेवला, उशी नीट केली आणि साहेबांच्या कानाशी वाकली.

"काळजी करू नका, साहेब. इथली वीज कधी जात नाही."