मागच्या खोलीतले डास

"आत कोणी नाही ना?" धूरवाल्याने फाटकाशी उभ्या असलेल्या तिघांना विचारले.

"आम्ही सगळे इथेच आहोत की, दादा," नवरा म्हणाला. शेजारी त्याची बायको होती आणि दोघांच्या मध्ये, आईचे बोट धरून, लहानगी मुलगी.

गल्लीत तापाची साथ पसरली होती. डास मारण्याचे यंत्र पाठीला लावून घरोघर धूर करणे, हे त्याचे काम होते. तो धूर डासांना जितका मारक, तितकाच बंद खोलीत अडकलेल्या माणसालाही मारक होता. म्हणून घरची माणसे बाहेर उभी राहिल्यावाचून तो यंत्राची दोरी ओढत नसे, आणि प्रत्येक खोली स्वतः पाहिल्यावाचून तिच्यात धूर सोडत नसे. आजवर त्याच्या हातून कोणाच्या जिवाला यत्किंचितही अपाय झाला नव्हता. अभिमान बाळगावा असे त्याच्यापाशी एवढेच होते.

"अन्नपाणी झाकलंत? शेगडी विझवलीत?"

"पेटतेय कुठे ती!" बायको म्हणाली. "दिवसा माश्या, दिवेलागणीला डास. घराला घरपण राहिलं नाही, भाऊ."

"आमची मंडळी तर म्हणते, तुम्ही डास मारता की पाळता? गावातून हाकललेले सगळे आपल्याकडेच मुक्कामाला येतात म्हणे," धूरवाला म्हणाला.

बायको हसली, पण जराशी उशिराच.

डासांचा एक भोवरा त्याच्या डोक्यावर घोंगावत होता. त्याने मानेवर एक चापट मारली, मग कानावर दुसरी. ते तिघे मात्र हात सोडून स्वस्थ उभे होते.

"तुम्हाला बरे चावत नाहीत!"

"आमचं रक्त पिऊन झालंय त्यांचं," बायको म्हणाली. "आता नव्या पाहुण्याचा मान."

या उत्तराने तो मनमोकळा हसला आणि आत शिरला.

पुढच्या खोलीत त्याने हाक दिली, खाटेखाली वाकून पाहिले, खिडक्या लावल्या. स्वयंपाकघरात शेगडीवर धुळीचा थर साचला होता. साथीच्या दिवसांत कोणाला घर आवरायचे सुचते, असे त्याने मनाशी म्हटले.

मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. दारावर माश्या बसल्या होत्या. हात उगारला तरी त्या हलेनात. त्याने दारावर थाप मारली.

"कोणी आहे का आत?"

तो थांबला. उत्तर आले नाही. त्याने कडीला हात घातला.

"उघडू नका, भाऊ!"

तो दचकला. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर येऊन उभी होती.

"अडगळ आहे नुसती. सगळे डास तिथेच दडलेत. दार उघडलंत की घरभर होतील. खालच्या फटीतून सोडा."

"तुमचं खरं आहे, वहिनी. पण स्वतः पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही."

तिच्या खांद्यामागून नवऱ्याचा आवाज आला. "दादा, घर आमचं. घरातली माणसं आमची. कोण कुठे आहे, ते आम्हाला ठाऊक नसेल का?"

धूरवाला ओशाळला. घरधन्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणे हा एक प्रकारचा अपमानच होय, असे त्याला वाटले. त्याने कडीवरून हात काढला, नळीचे तोंड फटीशी टेकवले आणि दोरी ओढली. यंत्र गुरगुरले. पांढरा धूर दाराखालून आत जाऊ लागला आणि उरलेला त्याच्या पायांशी घोटाळू लागला. नेहमीपेक्षा त्याने अंमळ जास्तच धूर सोडला.

यंत्र थांबवताच खोकल्याची एक उबळ ऐकू आली.

त्याने खिडकीकडे पाहिले. धूर गजांतून बाहेर जाऊन बायकोच्या तोंडावर पसरला होता.

"मागे सरा, वहिनी. ठसका लागला ना?"

तिने मान हलवली. तिचे डोळे मात्र कोरडे होते.

पुढचे दार ओढून घेऊन तो फाटकाशी आला. ते तिघे त्याच्या आधीच तिथे पोहोचले होते.

"आता निघायचं ना?" मुलीने आईला विचारले.

"धूर बसला की निघू."

"सगळे?"

"सगळे गं बाई. किती वेळा विचारशील?"

"कुठे, गावाला का?" धूरवाल्याने विचारले.

"कधीचं निघायचं होतं," नवरा म्हणाला. "एका कामापायी खोळंबलो होतो. ते तुम्ही केलंत. फार उपकार झाले."

दारोदार शिव्या खाणाऱ्या माणसाला असे शब्द क्वचितच लाभतात. त्याचा ऊर भरून आला.

एवढ्यात शेजारीण हातात झाकलेली थाळी घेऊन आली. बंद दाराच्या फटीतून येणारा धूर पाहून ती जागच्या जागी थबकली.

"अहो, या घरात धूर केलात? म्हाताऱ्याला कुठे ठेवलंत?"

"कोणता म्हातारा?"

"मागच्या खोलीतला! मुलगा, सून, नात, तिघंही या तापात गेली. तेव्हापासून मीच त्याला दोन घास भरवते. मांजर शिरतं म्हणून बाहेरून कडी लावते. अंथरुणाला खिळलेला जीव तो, कानांनी ठार बहिरा..." थाळी तिथेच टाकून ती दाराकडे धावली.

धूरवाला वळला. फाटकाशी चौघे उभे होते. सुनेने म्हाताऱ्याच्या खांद्यावरून घसरलेली चादर नीट केली. मुलगी टाचा उंचावून त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, आणि ते ऐकून म्हातारा हसला.