तीन प्रती

बाहेरच्या खोलीत अण्णांच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर घरघरला आणि आत लॅपटॉपपाशी बसलेली मृण्मयी ताडकन उठली.

अण्णांपासून लपवलेल्या त्यांच्याच बायॉप्सीच्या रिपोर्टची प्रिंट तिने सकाळी इथून तीनदा दिली होती. कागद आला नाही, तेव्हा जोडणीच बिघडली असं समजून तिने नाद सोडला. प्रिंटरमधले कागद संपले असतील, हे तिला सुचलंच नाही. आता अण्णांनी सोसायटीच्या नोटिशीसाठी नवे कागद भरले होते.

ती धावत बाहेर आली. तिन्ही प्रती अण्णांच्या हातात होत्या.

“तीन कशाला काढल्यास?” ते हळूच म्हणाले. “मी सोमवारीच वाचलाय. तुझ्या-माझ्या दोन्ही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या फोल्डरमध्येच ठेवला होतास. तू घाबरशील म्हणून बोललो नाही.”

त्यांनी कागदांची घडी घातली.

“तुझ्या आईला मात्र कळू देऊ नकोस.”