बाजूला सारलेलं अंडं

माझा दोन दिवसांचा मुलगा दूध ओढेना, नुसता पेंगत होता. दवाखान्याच्या ताटात माझ्यापुढे उकडलेलं अंडं आलं. सवयीने मी ते बाजूला सारलं. "लहानपणापासूनची नाटकं हिची!" आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "तुम्हाला आवडतं?" त्यांनी आईलाच विचारलं. "छे, मला वासानंच मळमळतं." त्या थबकल्या. "घरात तान्हे मुलगे दगावलेत?" आईचा चेहरा उतरला. "माझा भाऊ. मग माझा थोरला. नजर लागली म्हणाले." "नजर नाही, आजी. आईकडून येणारं एक जनुक बिघडलंय. दुधातल्या, अंड्यातल्या प्रथिनांचं रक्तात विष होतं. बायकांकडे त्याची दुसरी चांगली प्रत असते, म्हणून तुम्हा दोघींना अंडं नुसतं नकोसं होतं; मुलग्यांकडे ती नसते. पण आता औषध आहे!" बाळाला घेऊन त्या धावल्याच. आठवड्यानंतर बाळाने भुकेने भोकाड पसरलं. दवाखान्याच्या ताटात अंडं पुन्हा होतंच. आईने डोळे पुसले, ते सोललं आणि डॉक्टरीणबाईंपुढे धरलं. "घ्या, आमच्या दोघींच्या वाटचं तुम्हीच खा."