मेलेल्या साहेबांचा हुकूम

"साहेब, तुम्ही मेलात," परीक्षक म्हणाले.

कॅप्टनसाहेबांनी त्यातल्या त्यात कमी खड्यांची जागा शोधली आणि कुरकुरत आडवे झाले. सराव होता, गोळ्या खोट्या होत्या, पण परीक्षा खरी होती. आणि ती साहेबांची नव्हती, हवालदाराची होती.

हवालदार सवयीप्रमाणे धावत आला आणि साहेबांच्या उशाशी गुडघे टेकून बसला. "साहेब, आता काय हुकूम?"

"अरे, मेलेल्या माणसाला काय विचारतोस?" परीक्षक वैतागले. "वर्गात एवढं काय शिकवलं? साहेब पडले की तुकडी तुझी. हुकमाची वाट बघायची नाही, आपलं डोकं चालवायचं. नाही जमलं तर बढती विसर. हातात नारळ आणि थेट घर. नवा नियम आहे."

आपलं डोकं! उभ्या नोकरीत या डोक्यावरची टोपी सरळ आहे की नाही, एवढंच साहेबलोकांनी बघितलं होतं. एकदा त्याने ते चालवलं, तर पाठीवर ओझं देऊन याच मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

तरी डोकं होतंच. समोर टेकाडावर शत्रूची मशीनगन. उजवीकडे उघडं माळरान, तिकडून गेलं तर एकही वाचायचा नाही. डावीकडे खोल नाला. शेंबडं पोरही सांगेल, नाल्यातून जायचं.

तो तोंड उघडणार तेवढ्यात मेलेले साहेब खोकले. बघतो तर साहेबांची बुबुळं उजवीकडे. वर भुवयासुद्धा उडवल्या.

हवालदाराने मनात हिशेब मांडला. परीक्षक उद्या आपल्या वाटेने जाणार. साहेब मात्र संध्याकाळच्या चहाला जिवंत होणार, आणि वर्षअखेरचा शेरा त्यांच्याच हातचा. उजवीकडे जावं तर परीक्षेत नापास, डावीकडे जावं तर साहेबांची खप्पामर्जी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मागे जवान ताटकळले होते.

"आटप लवकर!" परीक्षक खेकसले.

हवालदाराने पाठीवरची ताडपत्री सोडली. "माफी असावी, साहेब," असं पुटपुटत त्याने ती साहेबांच्या तोंडावर ओढली, मेलेल्या माणसाचं करतात तशी. का कोण जाणे, फार बरं वाटलं.

"डावीकडून! नाल्यातून! या माझ्या मागे!" असं ओरडून तो धावत सुटला. नाल्याच्या काठावर पोचून वळून बघतो तर मागे चिटपाखरू नाही. सगळी तुकडी जागच्या जागी उभी, आणि एकूण एक जवानाचे डोळे ताडपत्रीवर.

"अरे, या ना! मी सांगतोय ना!" तो रडकुंडीला आला. कोणी हललं नाही.

ताडपत्री जोरात हलली.

"गाढवांनो, माझ्याकडे काय बघता?" आतून साहेब गरजले. "तो सांगतोय तसं करा! हा माझा हुकूम आहे!"

"होय, साहेब!" तुकडी एका सुरात ओरडली आणि नाल्याकडे सुटली.

परीक्षकांनी चमकून मान वळवली. सगळ्यात मोठा "होय, साहेब" नाल्याच्या काठावरून आला होता. हवालदाराने टाचाही जुळवल्या होत्या.