श्यामकांतच्या जागी

"वहिनी, तुम्ही बसा खुर्चीवर," हिंदुराव म्हणाला आणि बाकीचे सहा जण भिंतीला टेकून उभे राहिले.

कॅम्प तीनमधलं, जीन्सच्या दुकानावरचं वकीलबाईंचं ऑफिस एवढंसं. खालच्या शिलाई मशिनांची घरघर थेट तळपायांत चढत होती. भावना बसली. बस म्हटलं की बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं. दोन वर्षं तिचं हे असंच चाललं होतं.

श्यामकांत गेला आणि महिन्याभरात अंबरनाथच्या कारखान्यात ती त्याच्या जागी लागली. तिथली रीतच होती तशी. नवऱ्याचं मशीन मिळालं, नवऱ्याचं लॉकर मिळालं, कॅन्टीनमधला त्याचा कोपरा मिळाला आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मॅनेजरच्या केबिनमधल्या मीटिंगची त्याची खुर्चीसुद्धा. "श्यामदादाची खुर्ची रिकामी ठेवायची नाय," म्हणत सगळ्यांनी हात वर केले, टाळ्या पिटल्या. कौसाबाई तर रडलीच. भावनाला रडू आलं नाही. हजेरीसारखं तिथेही कागदावर नाव लिहिलं की चहा यायचा, सोबत काजूची बिस्किटं. ती रुमालात बांधून भावना लेकीसाठी, रिद्धीसाठी घरी आणायची.

आता कारखान्याला टाळं होतं आणि पगारातून दरमहा कापलेला सगळ्यांचा पीएफ गायब. श्यामकांतची बावीस वर्षंही त्यातच. रिद्धीचं नर्सिंगचं ॲडमिशन त्या पैशांवर अडलं होतं.

"म्हणजे पैसे सरकारात भरलेच नाहीत काय?" कौसाबाईने विचारलं.

"तुमच्या कंपनीचा स्वतःचा ट्रस्ट होता, मावशी," ॲडव्होकेट अनुया म्हणाली. "पीएफ तिथेच जमायचा. तिथून सगळा मालकाच्या मेव्हण्याला दिला, मांजर्लीतल्या नदीकाठच्या बिल्डिंगसाठी. बिल्डिंग जोत्यावरच थांबली."

"पुराच्या पाण्यात बिल्डिंग! येडा का खुळा?" मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"मग धरा ना मालकाला," हिंदुराव म्हणाला.

"मालक दुबईत. त्याच्यावर केस होईलच, पण त्याला वर्षं जातील. पैसे द्यायच्या ठरावावर सह्या करणारे ट्रस्टी मात्र स्वतः जबाबदार असतात. खिशातून भरायचं, नाहीतर घर जप्त. कंपनीच्या बाजूचे दोघे मालकाबरोबरच उडाले. हाताशी आहे तो एकच, कामगारांच्या बाजूचा."

"आपल्यातला?" हिंदुरावचा आवाज चढला. "आपल्यातल्यानेच शेण खाल्लं?"

"मला काही माहीत नव्हतं, असं म्हणेल तो. पण ते चालत नाही. सही म्हणजे सही."

"म्हणू दे मेल्याला!" कौसाबाई उसळली. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन राह्यलंय. तो काय त्याचा डोळा देणारे मला?"

मग सगळे भावनाकडे बघायला लागले. तिचं दुःख सगळ्यांत मोठं, म्हणून शेवटचा शब्दही तिचाच.

"वहिनी, तुम्ही बोला," हिंदुराव म्हणाला. "घ्यायचं का त्याचं घर?"

भावनाने आत राग शोधून पाहिला. सापडला नाही. डोळ्यांसमोर फक्त रिद्धीचा फॉर्म होता, अर्धा भरलेला.

"त्यालाही पोरंबाळं असतील," ती म्हणाली. "तरी घ्या."

अनुयाने मान डोलावली. लॅपटॉपवर नोटीस उघडली, फायलीतून ठरावाची झेरॉक्स काढली, सहीखालचं नाव बघून टाईप केलं. मग मान वर करून तिने सगळ्यांना विचारलं, "ह्या भावना श्यामकांत भोपी कुठे राहतात, ठाऊक आहे का कुणाला?"